टाके की जाळी?

ऑफर लेटर हातात आलं की आपण आधी काय बघतो? सीटीसी. मग इन-हँड. मग नोटीस पिरियड. शेवटच्या पानावर 'रुजू होण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक' अशी एक ओळ असते, तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. उपाशीपोटी डायग्नॉस्टिक सेंटरला जायचं, रक्त द्यायचं, हातापायांना चिमटे लावून ईसीजी काढायचा, कूपनवरचं गारढोण सँडविच खायचं आणि सुटायचं. रिपोर्ट एचआरच्या फाइलमध्ये, आपण कँटीनमध्ये. विषय संपला!

पण क्वचित कुणाचा विषय तिथेच सुरू होतो. माझ्या एका मैत्रिणीचा झाला. वय वर्षं २९, टेस्टिंगमध्ये सीनियर, सिगारेट नाही, वजन आटोक्यात, दर पावसाळ्यात दोन-तीन गड ठरलेले. गेली दोन वर्षं चढावर दम लागायचा आणि मधूनच छातीत धडधडायचं, पण त्याचं खापर तिने रीतसर नाइट शिफ्ट आणि कॉफीवर फोडलं होतं. (आपण सगळेच फोडतो.) नव्या कंपनीच्या मेडिकलमध्ये स्टेथोस्कोप लावणाऱ्या डॉक्टरबाई नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ऐकत राहिल्या. म्हणाल्या, "तुमचा 'लब-डब' मला 'लब-डडब' असा ऐकू येतोय. इको करून घ्या."

इकोत हृदयाची उजवी बाजू मोठी दिसली. का मोठी, ते मात्र दिसेना. "उजवी बाजू उगाच मोठी होत नाही," असं म्हणत कार्डिऑलॉजिस्टने घशातून नळी घालून करतात तो इको केला, मग सीटी स्कॅन. आणि निदान आलं : सायनस व्हिनोसस डिफेक्ट. त्या रात्री तिचा मेसेज आला, 'माझ्या हृदयात भोक आहे. आणि ब्रेकअपसुद्धा झालेला नाही!'

जोक चांगला होता. पण पुढचे तीन आठवडे तिच्या घरात जी चर्चा चालली, ती आज तुमच्यासमोर मांडायची आहे. भोक बुजवायचं हे सगळ्यांना मान्य होतं. प्रश्न होता, कसं? छाती उघडून टाके घालायचे, की जांघेतल्या शिरेतून आत जाऊन जाळी बसवायची?

चार खोल्यांचा फ्लॅट

आधी थोडं शाळेतलं विज्ञान. टेन्शन नको, परीक्षा नाहीये.

हृदय म्हणजे चार खोल्यांचा फ्लॅट. शरीरभर फिरून ऑक्सिजन संपलेलं रक्त उजवीकडच्या दोन खोल्यांत येतं आणि तिथून फुप्फुसांकडे जातं. फुप्फुसांत ताजंतवानं होऊन ते डावीकडच्या दोन खोल्यांत उतरतं आणि पुन्हा शरीरभर निघतं. दोन्ही बाजूंच्या मध्ये भिंत. वरच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीत जन्मापासूनच भोक राहिलं असेल तर त्याला म्हणतात एएसडी. डावीकडचा दाब जरा जास्त असतो, त्यामुळे ताजं रक्त भोकातून उजवीकडे घुसतं आणि पुन्हा फुप्फुसांच्या वाटेला लागतं. मंजूर झालेली फाइल पुन्हा त्याच टेबलावर! उजवी बाजू वर्षानुवर्षं हा ओव्हरटाइम करते आणि हळूहळू फुगत जाते.

गंमत म्हणजे लहानपणी बहुतेकांना याचा पत्ताही लागत नाही. मूल खेळतं, पळतं, फार तर सर्दी-खोकला जास्त होतो. तिशी-चाळिशीत मात्र दम, थकवा, धडधड अशी लक्षणं डोकं वर काढतात. तरीही दुर्लक्ष केलं तर हृदयाची लय बिघडते आणि फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढत जातो. तो फारच वाढला तर भोक बुजवणंच धोक्याचं ठरतं. म्हणजे 'बघू पुढच्या अप्रेझलनंतर' हा पर्याय इथे नाही. फुप्फुसांकडे जाणारं रक्त शरीराकडे जाणाऱ्या रक्ताच्या दीडपट किंवा त्याहून जास्त झालं आणि उजवी बाजू मोठी दिसू लागली, की दुरुस्तीचा विचार करायची वेळ आली असं डॉक्टर समजतात. मैत्रिणीचा आकडा दुपटीच्या वर होता.

इथवरची गोष्ट कुठल्याही एएसडीची. पण सायनस व्हिनोसस हा त्यातला दुर्मिळ प्रकार, सगळ्या एएसडींमध्ये साधारण ५ ते १० टक्के. नेहमीचं भोक भिंतीच्या मधोमध असतं. हे भोक असतं पार वर, कोपऱ्यात. डोकं आणि हातांकडून रक्त आणणारी वरची महाशीर उजव्या खोलीत जिथे उघडते, बरोबर त्या उंबऱ्यावर. म्हणूनच छातीवरून केलेल्या साध्या इकोला ते चकवतं. आणि बहुतेक वेळा सोबत दुसरा घोळ असतोच : उजव्या फुप्फुसाकडून ताजं रक्त आणणाऱ्या एक-दोन शिरा डाव्या खोलीत जायचं सोडून त्या महाशिरेतच येऊन मिळतात. भिंतीला खिंडार, वर पाइपलाइनही चुकीच्या फ्लॅटला जोडलेली! प्लंबरला नुसतं सिमेंट लावून चालत नाही.

इथे छत्री उघडत नाही

निदान कळल्यावर पहिला फोन मावशीचा. "अगं, आमच्या शेजारच्या मुलाला छत्री बसवली. तिसऱ्या दिवशी घरी. तुला कशाला हवीय चिरफाड?"

मावशी खोटं बोलत नव्हती. मधल्या भागातल्या एएसडीसाठी हा आता राजमार्ग आहे. नितिनॉल नावाच्या, मूळ आकार लक्षात ठेवणाऱ्या धातूच्या तारांची दोन चकत्यांची डबी. जांघेतल्या शिरेतून नळीवाटे भोकापर्यंत न्यायची, एक चकती पलीकडे उघडायची, दुसरी अलीकडे. शर्टाच्या कफलिंकसारखी ती भिंतीला पकडून बसते. या जातीच्या सर्वांत गाजलेल्या डबीला, अँप्लॅट्झरला, अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली आणि त्यानंतर हजारो लोकांच्या छातीवरचा व्रण वाचला.

पण कफलिंक बसायला कापडाला काठ लागतो. सायनस व्हिनोससच्या भोकाला वरच्या बाजूला काठच नसतो, तिथे महाशिरेचं तोंड असतं. आणि समजा, भोक कसंबसं बंद केलंच, तरी चुकीच्या ठिकाणी उघडणाऱ्या शिरांचं काय? त्यांचं रक्त उजवीकडेच येत राहणार. त्यामुळे मावशीची छत्री या पावसात कामाची नाही. अमेरिकेच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही या दोषासाठी शस्त्रक्रियाच सांगितली आहे.

दोन घराणी

तसं बघायला गेलं तर टाके आणि नळी ही दोन्ही घराणी जुनी. १९२९ साली वेर्नर फोर्समन या जर्मनीतल्या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि त्या अवस्थेत चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. वरिष्ठ भडकले. १९५६ साली त्याला नोबेल मिळालं, तेही विभागून. दुसरीकडे फिलाडेल्फियात जॉन गिबन हे सर्जन वर्षानुवर्षं एका यंत्रामागे लागले होते : शस्त्रक्रिया चालू असताना हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र. ६ मे १९५३ रोजी त्या यंत्राच्या जिवावर त्यांनी १८ वर्षांच्या मुलीचं हृदय उघडलं आणि आतलं भोक शिवलं. २६ मिनिटं त्या मुलीचा सगळा भार यंत्रावर होता. आणि ते भोक कसलं होतं? एएसडीच! १९७५ साली अमेरिकेतच किंग आणि मिल्स या डॉक्टरांनी नळीतून पहिल्यांदा एएसडी बंद केला.

म्हणजे एएसडी हा दोन्ही घराण्यांचा आवडता राग. सायनस व्हिनोससच्या मैफलीत मात्र परवापरवापर्यंत एकच घराणं गात होतं.

टाक्यांची बाजू

या दोषावर सर्जन काय करतात? यंत्र लावून हृदय थांबवतात. शिरा महाशिरेच्या तळाशी मिळत असतील तर आतून एक ठिगळ असं लावतात, की शिरांचं रक्त भोकातून थेट डाव्या खोलीत जावं. ठिगळ बहुधा हृदयावरच्या पेशंटच्याच आवरणाचं. शिरा वर, उंचावर मिळत असतील तर वॉर्डन पद्धत. हर्बर्ट वॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८४ साली मांडली. यात महाशीर शिरांच्या वरच्या बाजूला कापतात, खालच्या तुकड्याचं तोंड शिवतात आणि वरचा तुकडा उजव्या खोलीच्या कोपऱ्याला नव्याने जोडतात. खालचा तुकडा आता फक्त फुप्फुसाच्या शिरांचा, तो भोकामार्गे डावीकडे वळवलेला. जुना रस्ता त्यांना, महाशिरेला बायपास!

फायदा सरळ आहे : या शस्त्रक्रियांच्या मागे काही दशकांचा अनुभव आहे. चांगल्या सेंटरमध्ये जिवाचा धोका अगदी कमी. पण फुकट काहीच नसतं. यंत्र लागतं, आयसीयू लागतं. छातीचं मधलं हाड कापलं तर ते जुळायला सहा ते आठ आठवडे, तोवर जड उचलणं बंद, बाइक बंद. काही ठिकाणी उजव्या काखेखालून छोट्या छेदातूनही हे काम करतात. शिवाय हृदयाच्या ठोक्यांचा 'मास्टर स्विच' याच कोपऱ्यात असल्यामुळे तो दुखावण्याची शक्यता असते. थोड्यांना त्यापायी पेसमेकर लागतो. जोडकामाच्या जागी महाशीर किंवा फुप्फुसाची शीर पुढे अरुंद होऊ शकते.

जाळीची बाजू

आता नवं गाणं. २०१४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात, नळीतून जाळी बसवून हा दोष दुरुस्त केल्याची हकिकत आली. त्यानंतर लंडनमधल्या एव्हेलिना आणि सेंट थॉमस रुग्णालयांच्या टीमने आणि आपल्या चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमधल्या डॉक्टरांनी अनेक पेशंटचे अनुभव प्रसिद्ध केले. म्हणजे या बाबतीत आपण फक्त प्रेक्षकांत बसलेलो नाही, हे आवर्जून सांगायला हवं.

कल्पना इतकी हुशार आहे की ऐकल्यावर मी टाळीच दिली. यात भोक बुजवतच नाहीत! महाशिरेच्या तोंडात एक लांब, आवरण असलेली जाळी फुगवून बसवतात. प्लॅटिनम-इरिडियमच्या तारा आणि त्यावर टेफ्लॉनच्या कुळातलं पातळ कापड. महाशिरेचं रक्त या बोगद्यातून सरळ उजव्या खोलीत. आणि फुप्फुसाच्या शिरांचं रक्त? ते बोगद्याच्या बाहेरून, मागच्या अंगाने, त्याच भोकातून डाव्या खोलीत. जे भोक इतकी वर्षं दुखणं होतं, तोच आता योग्य दरवाजा. छाती शाबूत, यंत्र नाही, सगळं ठीक असेल तर दोन-चार दिवसांत घरी.

पण इथे एक मोठा 'पण' आहे. जाळी फुगवताना फुप्फुसाच्या शिरेचं तोंड दाबलं गेलं तर? म्हणून खऱ्या जाळीआधी त्याच जागी फुगा फुगवून रंगीत तालीम करतात. शिरेतलं रक्त डावीकडे नीट वाहतंय ना, तिच्यातला दाब वाढत नाही ना, कडेने गळती नाही ना, हे इको आणि एक्स-रेवर बघतात. तालीम फसली तर पडदा उघडत नाही, पेशंट सर्जनकडे जातो. काही ठिकाणी सीटीवरून पेशंटच्या हृदयाचं थ्रीडी मॉडेल छापून आधी त्यावर माप घेतात.

बाकीचे धोके म्हणजे जाळी जागेवरून सरकणं, थोडी गळती उरणं, रक्ताची गुठळी होणं. म्हणून नंतर काही महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या. आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा : या जाळ्यांचा अनुभव जेमतेम दशकभराचा आहे. तिशीतल्या माणसाला त्या जाळीबरोबर अजून चाळीस-पन्नास वर्षं काढायची आहेत.

घरातलं मतदान

मैत्रिणीच्या घरी मतदान झालं. आई जाळीच्या बाजूने. "पोरीची छाती फाडायची नाही," एवढंच म्हणायच्या आणि डोळे पुसायच्या. बाबा रिटायर्ड इंजिनिअर, त्यांचं म्हणणं, "जुनं तंत्र, पक्कं काम." धाकटा भाऊ रात्रभर नेटवर बसून रोज नवा देश शोधून काढायचा. आणि ती स्वतः? जाळी. कारणं तिने प्रामाणिकपणे सांगितली : नवी नोकरी, सहा महिन्यांचं प्रोबेशन, आणि गळ्याखालून सरळ उतरणारा तो व्रण.

"तुला हसू येईल," ती मला म्हणाली, "पण मला मरायची भीती कमी वाटते आणि आरशाची जास्त."

मला हसू आलं नाही. आपल्या वयात शरीर हे आपलं व्हिजिटिंग कार्ड असतं. त्यावर कायमचा छाप मारून घ्यायला जिगर लागते.

मग सर्जन आणि कार्डिऑलॉजिस्ट यांनी एकत्र बसून सीटी बघितला. तिच्या उजव्या फुप्फुसाच्या दोन शिरा महाशिरेला मिळत होत्या. एक खाली, भोकाच्या जवळ. जाळीसाठी अगदी छान. दुसरी मात्र बरीच वर. तिथवर पोचणारी जाळी बसवली असती तर तिचं तोंड बंद झालं असतं. आखूड जाळी बसवली असती तर ती शीर उजवीकडेच वाहत राहिली असती. कार्डिऑलॉजिस्टने, म्हणजे ज्यांना जाळी बसवायची होती त्यांनीच, स्क्रीन तिच्याकडे वळवून सांगितलं, "बघा, माझं काम इथे अर्धवट राहील. तुम्ही वॉर्डन करून घ्या." व्रणाबद्दल तिने विचारलंच. ते म्हणाले, "व्रण तुम्हाला रोज दिसेल, कबूल. पण शीर बंद झाली तर ती आरशात दिसणार नाही."

तिने त्या रात्री फोन केला तेव्हा आवाज शांत होता. मतदान संपलं होतं. मत शिरांनी दिलं होतं.

शस्त्रक्रिया झाली. आठवड्याभरात घरी. पहिले पंधरा दिवस वाईट होते, शिंक आली तरी उशी छातीशी धरायची. अडीच महिन्यांनी ती जॉइन झाली, एचआरने तारीख पुढे ढकलून दिली होती. सहा महिन्यांनंतरच्या इकोत उजवी बाजू बरीच आक्रसली होती. व्रण आहे. कधी स्कार्फने झाकते, कधी नाही. त्याच हॉस्पिटलमध्ये त्याच महिन्यात, तिच्यापेक्षा वयाने मोठ्या एका गृहस्थांना हाच दोष होता, पण शिरा खाली मिळत होत्या. त्यांना जाळी बसली आणि ते तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन चालत घरी गेले. दोघांनाही योग्य तेच मिळालं.

तुमच्यावर वेळ आली तर

देव करो आणि न येवो. पण तुमच्यावर, भावंडांवर, टीममधल्या कुणावर आलीच, तर हे प्रश्न लिहून घेऊन जा :

• शिरा किती आणि नेमक्या कुठे उघडतात? सीटी किंवा एमआरआय झाल्याशिवाय 'कसं करायचं' यावर चर्चाच नको.

• फुप्फुसांतला दाब किती आहे? दुरुस्तीची वेळ त्यावर ठरते.

• सर्जन आणि कार्डिऑलॉजिस्ट दोघांनी मिळून केस बघितली का? एकाच दुकानात गेलात तर तिथे एकच माल दाखवणार.

• या दोषाच्या अशा किती केसेस या टीमने केल्यात? साध्या एएसडीचा आकडा इथे मोजू नका.

• जाळी सरकली किंवा तालीम फसली, तर त्याच हॉस्पिटलमध्ये सर्जन तयार असेल का?

• पुढे कधी पेसमेकर लागला तर त्याची तार या जाळीतून किंवा जोडातून कशी जाईल? बाळाचा विचार असेल तर आधी दुरुस्ती, किती महिने थांबायचं, गोळ्या कोणत्या?

• आणि हो, कंपनीच्या मेडिक्लेममध्ये जन्मजात दोषाबद्दल काय लिहिलंय? पॉलिसीचं ते पान अॅडमिट होण्याआधी वाचा. खर्चाचा अंदाज लेखी घ्या.

आपल्या पिढीला कमी वेळात, कमी त्रासात, खुणा न ठेवता काम उरकणारं सगळं आवडतं. त्यात गैर काही नाही, मलाही आवडतं. पण रजेचे दिवस आणि व्रणाची लांबी हे दोन आकडे लगेच मोजता येतात म्हणून तेच निर्णय घेऊ लागतात. शीर पन्नाशीतही उघडी राहील का, हा आकडा कुठल्याही रजेच्या अर्जात नसतो.

म्हणून दोस्तहो, शिरा कुठे उघडतात ते आधी बघा. छाती उघडायची की नाही, ते मग.